टायगर कोळंबी संवर्धन

टायगर कोळंबी ही हिंद महासागर आणि पश्चिम प्रशांत महासागराच्या उष्ण किनाऱ्यांवर आढळणारी, आकाराने मोठी व व्यापारी दृष्ट्या मौल्यवान अशी समुद्री कोळंबी आहे. तिचे शास्त्रीय नाव पेनिअस मोनोडॉन असे असून तिचा समावेश पेनिइडी कुलात होतो. किनाऱ्यालगतच्या निमखाऱ्या पाण्याच्या तळ्यांत तिचे बीज सोडून, खाद्य देऊन व पाण्याची प्रत राखून तिला बाजारयोग्य आकारापर्यंत वाढविण्याच्या व्यवसायास टायगर कोळंबी संवर्धन असे म्हणतात.

भारतात हे संवर्धन १९९० च्या दशकाच्या पूर्वार्धात झपाट्याने वाढले, पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगाने ते खचले आणि २००९ नंतर त्याची जागा बहुतांशी व्हॅनामी या परदेशी कोळंबीने घेतली. या चढउतारांच्या मुळाशी मुख्यतः बीजाचा प्रश्न होता. तळ्यात कोळंबी वाढविण्याचे तंत्र शेतकऱ्यांनी लवकर आत्मसात केले. परंतु बीज देणारी मादी मात्र प्रत्येक वेळी समुद्रातूनच पकडून आणावी लागे. म्हणून या जातीवरील संशोधनाचा मोठा भाग तिचे संपूर्ण जीवनचक्र बंदिस्त अवस्थेत पूर्ण करणे आणि रोगमुक्त बीज मिळविणे यांवर केंद्रित झालेला आहे.

वर्णन

डॅनिश प्राणिशास्त्रज्ञ योहान ख्रिश्चन फॅब्रिशिअस यांनी १७९८ मध्ये या जातीचे शास्त्रीय वर्णन केले. शरीरावरील गडद व फिकट आडव्या पट्ट्यांमुळे तिला टायगर किंवा व्याघ्र कोळंबी हे नाव मिळाले. डोक्यापुढील करवतीसारख्या काट्यावर सामान्यतः वरील बाजूस ७ व खालील बाजूस ३ दाते असतात. मादी नरापेक्षा मोठी होते. पूर्ण वाढलेली मादी ३० सेंमी. पेक्षाही लांब असू शकते. कोकणच्या बाजारात नेहमी दिसणाऱ्या सोलट, चैती, करंदी किंवा जवळा यांच्या तुलनेत हा आकार कितीतरी मोठा आहे.

ही कोळंबी तळाशी राहते. दिवसा ती बहुधा चिखलात अंग पुरून बसते व रात्री अन्न शोधते. लहान कवचधारी प्राणी, कृमी, मृदुकाय प्राणी आणि कुजलेले सेंद्रिय पदार्थ हे तिचे अन्न होय. इतर कवचधारी प्राण्यांप्रमाणे ती ठरावीक काळाने कात टाकूनच वाढते. कात टाकल्यानंतर नवे कवच कठीण होईपर्यंत ती दुबळी असते आणि अशा वेळी दुसऱ्या कोळंब्या तिला खातात.

जीवनचक्र

प्रौढ कोळंब्या समुद्रात राहतात व तेथेच अंडी घालतात. नुकतीच कात टाकलेल्या मऊ कवचाच्या मादीशी कठीण कवचाच्या नराचे मीलन होते आणि मादी शुक्राणूंची पिशवी आपल्या शरीरात साठवून ठेवते. मादीने पुन्हा कात टाकली की ही पिशवीही कातीबरोबर जाते. एक मादी एका वेळी सुमारे अडीच ते आठ लाख अंडी घालते.

अंड्यांतून १२ ते १५ तासांत नॉप्लिअस अळ्या बाहेर पडतात. नॉप्लिअसच्या ६, झोइयाच्या ३ आणि मायसिसच्या ३ उपअवस्था पार केल्यानंतर अळीला कोळंबीचे रूप येते. या अवस्थेला उत्तरअळी म्हणतात. शेतकऱ्यांच्या भाषेत हेच ‘बीज’ होय. निसर्गात हे बीज भरतीबरोबर खाड्यांमध्ये व कांदळवनांमध्ये येते, तेथील निमखाऱ्या पाण्यात वाढते आणि प्रौढ होण्याच्या सुमारास पुन्हा समुद्राकडे परतते.

संवर्धनासाठी हे जीवनचक्र एकाच वेळी सोयीचे व अडचणीचे ठरले. बीज निमखाऱ्या पाण्यात वेगाने वाढते, त्यामुळे तळ्यातील शेती शक्य झाली. परंतु प्रजननासाठी लागणारी समुद्रातील स्थिती तळ्यात निर्माण होत नाही.

इतिहास

पारंपरिक पद्धती

भरतीच्या पाण्याबरोबर आलेले बीज बांधाआड अडवून वाढविण्याची पद्धत भारतात जुनी आहे. केरळातील पोक्कळी शेते, पश्चिम बंगालमधील भेरी, कर्नाटकातील गजनी जमिनी आणि गोव्यातील खाजणे ही तिची प्रसिद्ध उदाहरणे होत. गोव्याच्या खाजणांत पावसाळ्यात कोरगुटसारख्या क्षारसहिष्णु भाताचे पीक घेतले जाते व पाण्याची ये-जा ‘मानस’ नावाच्या दारांतून नियंत्रित केली जाते. कोकणातील खारबंधाऱ्यांच्या अशाच दारांना ‘उघाडी’ म्हणतात. या पद्धतीत बीज विकत घ्यावे लागत नसे आणि खाद्यही दिले जात नसे. मात्र कोणत्या जातीचे व किती बीज येईल हे निसर्गावर अवलंबून असे आणि उत्पन्न मर्यादित राही.

बीजोत्पादनाचा शोध

जपानमधील शास्त्रज्ञ मोतोसाकू फुजिनागा यांनी १९३० च्या दशकात कुरुमा या कोळंबीची अंडी बंदिस्त जागेत मिळवून तिच्या अळ्या वाढविल्या. त्यांच्या पद्धतीच्या आधारे तैवानमध्ये आय-चिऊ लियाव व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६८ मध्ये टायगर कोळंबीच्या अळ्या यशस्वीपणे वाढविल्या. त्यानंतर तैवान या व्यवसायात अग्रेसर झाला. परंतु १९८७-८८ च्या सुमारास दाट साठवणूक, खालावलेले पाणी आणि रोग यांमुळे तेथील उत्पादन कोसळले.

भारतात १९७० च्या दशकात केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने केरळातील नारक्कल येथे कोळंबी बीजोत्पादनाचे मूलभूत प्रयोग केले. १९८७ मध्ये चेन्नई येथे केंद्रीय निमखारे जलजीवपालन संस्था स्थापन झाली. सागरी उत्पादने निर्यात विकास प्राधिकरणाच्या पुढाकाराने आंध्र प्रदेश व ओडिशा येथे मोठी बीजोत्पादन केंद्रे उभी राहिली आणि त्यांच्या पाठोपाठ पूर्व किनाऱ्यावर खासगी केंद्रे वाढली.

नेत्रदंड छेदन

समुद्रातून आणलेली मादी हौदात सहसा लवकर पक्व होत नाही. कवचधारी प्राण्यांच्या नेत्रदंडात अंडाशयाची वाढ रोखणारे संप्रेरक तयार होते. त्यामुळे मादीचा एक नेत्रदंड काढल्यास किंवा बांधल्यास काही दिवसांत अंडाशय पक्व होते. या पद्धतीमुळे व्यापारी प्रमाणावर बीजोत्पादन शक्य झाले. तथापि वारंवार अंडी घेतल्याने अंड्यांची व अळ्यांची प्रत घसरते, मादी अशक्त होते आणि प्राण्यास होणाऱ्या इजेमुळे या पद्धतीवर आक्षेपही घेतला जातो. तिला पर्याय शोधणे हा संशोधनाचा एक चालू विषय आहे.

संवर्धनाची पद्धत

तळे सामान्यतः अर्धा ते एक हेक्टर क्षेत्राचे व एक ते दीड मीटर खोल असते. पाणी धरून ठेवणारी चिकणमाती त्यासाठी योग्य ठरते. कांदळवनाखालील काही जमिनींत गंधकयुक्त खनिजे असतात; अशी माती उघडी पडून वाळली की आम्ल तयार होते व पाण्याचा सामू घसरतो. म्हणून मातीची तपासणी आधी करणे आवश्यक असते.

पीक घेण्यापूर्वी तळे रिकामे करून तडा जाईपर्यंत वाळवितात, तळाचा काळा गाळ काढतात आणि सामू पाहून चुना टाकतात. पाणी जाळीतून गाळून घेतात व साठवण तलावात निर्जंतुक करतात. बीज सोडण्यापूर्वी पिशवीतील पाणी व तळ्यातील पाणी यांचे तापमान आणि क्षारता हळूहळू जुळवून घेतात.

टायगर कोळंबीसाठी पाण्याचे सर्वसाधारण अनुकूल प्रमाण पुढीलप्रमाणे आहे :

क्षारता : दर हजारी १० ते २५ भाग
तापमान : २८ ते ३२ अंश सेल्सिअस
सामू : ७.५ ते ८.५
विरघळलेला प्राणवायू : दर लिटरला ४ मिलिग्रॅमपेक्षा अधिक
पारदर्शकता : ३० ते ४० सेंमी.

रात्री वनस्पती-प्लवंगही प्राणवायू वापरतात, त्यामुळे पहाटे प्राणवायू सर्वांत कमी असतो. या वेळी पाणी घुसळणारी एरेटर यंत्रे चालवितात. खाद्यात सुमारे ३५ ते ४० टक्के प्रथिने असतात. ते दिवसातून चार-पाच वेळा विभागून देतात आणि तळ्यात ठेवलेल्या तपासणी ताटांत किती खाद्य उरले यावरून पुढचे प्रमाण ठरवितात. उरलेले खाद्य कुजून अमोनिया तयार होतो. म्हणून जास्त खाद्य हे पैशाचे व पाण्याचे दुहेरी नुकसान असते. साधारण १२० ते १५० दिवसांत कोळंबीचे वजन ३० ग्रॅम किंवा अधिक होते.

हिशेबाचे स्वरूप समजण्यासाठी एक काल्पनिक उदाहरण घेता येते. एक हेक्टर तळ्यात दर चौरस मीटरला १० याप्रमाणे १ लाख बीज सोडले, त्यांपैकी ७० टक्के जगले आणि प्रत्येकी ३० ग्रॅम वजन आले, तर उत्पादन २,१०० किलोग्रॅम होईल. एक किलोग्रॅम वाढीसाठी दीड किलोग्रॅम खाद्य धरल्यास ३,१५० किलोग्रॅम खाद्य लागेल. पीक निम्म्यावर असताना रोग आल्यास बीजाचा, विजेचा व खाद्याचा बराचसा खर्च होऊन गेलेला असतो, पण कोळंबी विक्रीयोग्य झालेली नसते. या व्यवसायातील कर्जबाजारीपणाचे एक प्रमुख कारण या हिशेबात आहे.

रोग

पांढऱ्या ठिपक्यांचा रोग

हा रोग एका विषाणूमुळे होतो. १९९० च्या दशकाच्या आरंभी पूर्व आशियात दिसून आलेला हा रोग १९९४-९५ मध्ये भारताच्या पूर्व किनाऱ्यावर पसरला. रोगट कोळंबी खाणे सोडते, काठाशी येते आणि तिच्या कवचाच्या आतील बाजूस पांढरे ठिपके दिसतात. लक्षणे दिसू लागल्यावर ३ ते १० दिवसांत संपूर्ण तळे नष्ट होऊ शकते. कोळंबीची रोगप्रतिकार यंत्रणा माणसाप्रमाणे प्रतिपिंडे तयार करीत नाही. त्यामुळे प्रचलित अर्थाची लस येथे उपयोगी पडत नाही आणि या रोगावर औषधही उपलब्ध नाही.

विषाणू तळ्यात दोन वाटांनी येतो. पाणी, खेकडे, पक्षी व उपकरणे ही एक वाट. रोगवाहक मादीकडून बीजात ही दुसरी. पहिली वाट कुंपण, जाळी व निर्जंतुकीकरण यांनी बरीच अरुंद करता येते. दुसरीसाठी मादीची व बीजाची पीसीआर चाचणी करतात. मात्र या चाचणीला नमुन्याची मर्यादा आहे. एखाद्या मोठ्या साठ्यातील २ टक्के बीज बाधित असेल, तर ते ९५ टक्के खात्रीने ओळखण्यासाठी सुमारे १५० बीजांचा नमुना घ्यावा लागतो. ‘चाचणीत विषाणू आढळला नाही’ याचा अर्थ ‘साठ्यात विषाणू नाही’ असा होत नाही. समुद्रातून आणलेल्या प्रत्येक मादीबरोबर ही अनिश्चितता नव्याने तळ्यापर्यंत पोहोचत राहिली.

इतर रोग

मोनोडॉन बॅक्युलोव्हायरस हा या जातीतून ओळखला गेलेला जुना विषाणू आहे. व्हिब्रिओ गटातील जिवाणू हौदांतील अळ्यांमध्ये मोठी मर घडवितात. एन्टेरोसायटोझून हेपॅटोपेनिआय हा सूक्ष्म परजीवी २००९ मध्ये थायलंडमधील टायगर कोळंबीतूनच प्रथम वर्णिला गेला. तो कोळंबीला सहसा लगेच मारत नाही, पण तिची वाढ खुंटवितो. जिवाणूंविरुद्ध प्रतिजैविकांचा वापर केल्यास त्यांचे अंश मांसात राहतात. क्लोरॅम्फेनिकॉल व नायट्रोफ्युरान यांसारख्या औषधांवर म्हणूनच बंदी आहे आणि असे अंश आढळल्यास निर्यातीचा माल परत पाठविला जातो.

पर्यावरण व कायदा

पूर्व किनाऱ्यावर १९९० च्या दशकात शेतजमिनींचे रूपांतर तळ्यांत झाल्याने शेजारची शेते व विहिरी खारावणे, मच्छीमारांचे किनाऱ्याकडे जाण्याचे मार्ग अडणे आणि सांडपाणी खाड्यांत जाणे अशा तक्रारी पुढे आल्या. एस. जगन्नाथ विरुद्ध भारत सरकार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ११ डिसेंबर १९९६ रोजी निकाल देऊन किनारा नियमन क्षेत्रातील पारंपरिक व सुधारित पारंपरिक प्रकार वगळता इतर कोळंबी तळी हटविण्याचा आदेश दिला. पुढे संसदेने किनारी जलजीवपालन प्राधिकरण अधिनियम, २००५ संमत केला. त्यानुसार तळ्यांची व बीजोत्पादन केंद्रांची नोंदणी बंधनकारक झाली. २०२३ च्या दुरुस्तीने रोगमुक्त जनक व बीज तयार करणाऱ्या केंद्रांना समुद्राच्या पाण्याजवळ जागा मिळण्याची वाट अधिक स्पष्ट केली.

व्हॅनामीचे आगमन

व्हॅनामी ही मूळची अमेरिका खंडाच्या प्रशांत किनाऱ्यावरील कोळंबी आहे. तिचे प्रजनन बंदिस्त अवस्थेत सहज होते. त्यामुळे पिढ्यान्‌पिढ्या निवड करून विशिष्ट रोगजंतूंपासून मुक्त असे तिचे वाण अमेरिकेत तयार झाले होते. ती तळाबरोबर पाण्याच्या सर्व थरांत वावरते, दाट साठवणूक सहन करते आणि तिला तुलनेने कमी प्रथिनांचे खाद्य पुरते. भारत सरकारने २००९ मध्ये तिच्या व्यापारी संवर्धनास परवानगी दिली. आयात केलेल्या जनक कोळंब्या चेन्नई येथील विलगीकरण केंद्रात तपासूनच बीजोत्पादकांना दिल्या जातात. काही वर्षांतच देशातील संवर्धित कोळंबीत व्हॅनामीचा वाटा सर्वांत मोठा झाला.

टायगर कोळंबी मागे पडण्याचे कारण चव, आकार किंवा मागणी यांत नव्हते. तिचे घरचे वाण नव्हते, हे मुख्य कारण होते. दुसरीकडे, व्हॅनामीचे जनक परदेशातून आणावे लागत असल्याने बीजासाठीचे परावलंबन संपले नाही. केवळ त्याचे स्वरूप बदलले.

बंदिस्त प्रजननाचे संशोधन

टायगर कोळंबीच्या बाबतीत हे काम अवघड आहे. हौदात वाढलेल्या माद्यांची अंडी समुद्रातील माद्यांपेक्षा कमी असतात, नरांच्या शुक्राणूंची प्रत खालावते आणि पक्वतेसाठी समुद्री कृमी, माकूल यांसारखे ताजे खाद्य लागते. हे खाद्यच विषाणूचे वाहक ठरू शकते. प्रत्येक पिढीस दीर्घ काळ लागतो व तेवढा काळ साठा रोगमुक्त ठेवावा लागतो. जवळच्या नातलग कोळंब्यांत प्रजनन होऊ नये म्हणून अनेक कुळे स्वतंत्र वाढवावी लागतात.

सागरी उत्पादने निर्यात विकास प्राधिकरणाच्या राजीव गांधी जलजीवपालन केंद्राने अंदमान येथे टायगर कोळंबीच्या बंदिस्त प्रजननाचा प्रकल्प हाती घेतला. परदेशांतही असे वाण विकसित झाले असून त्यांपासूनचे बीज अलीकडच्या वर्षांत भारतीय शेतकऱ्यांपर्यंत पोहोचू लागले आहे. केंद्रीय निमखारे जलजीवपालन संस्थेने देशी पांढऱ्या कोळंबीच्या, म्हणजे पेनिअस इंडिकसच्या, आनुवंशिक सुधारणेचा कार्यक्रमही सुरू केला आहे.

या संदर्भात ‘रोगमुक्त’ आणि ‘रोगप्रतिकारक’ या दोन संज्ञांतील भेद महत्त्वाचा आहे. रोगमुक्त वाण म्हणजे यादीतील ठरावीक रोगजंतू ज्यात नाहीत असा साठा. तो रोगाला बळी पडणारच नाही, असे त्यात अभिप्रेत नसते. असे बीज अस्वच्छ तळ्यात सोडल्यास तेही मरते. चांगल्या बीजाने रोगाची एक वाट बंद होते, दुसरी शेतकऱ्यालाच बंद करावी लागते.

महाराष्ट्र

राज्याला ७२० किमी. लांबीचा किनारा असून पालघर, ठाणे, रायगड, रत्नागिरी व सिंधुदुर्ग या जिल्ह्यांतील खाड्यांलगत कोळंबी तळी आहेत. जूनपासूनच्या पावसाने खाड्यांतील क्षारता एकदम घटते. त्यामुळे कोकणातील पिकांचे वेळापत्रक पावसाळा टाळून आखले जाते. बीजासाठी राज्यातील शेतकरी मुख्यतः पूर्व किनाऱ्यावरील केंद्रांवर अवलंबून राहिले. लांबच्या प्रवासाचा बीजावर ताण येतो आणि पुन्हा चाचणी करण्यास वेळही कमी मिळतो.

कांदळवनांच्या संरक्षणासाठी मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये आदेश दिल्यानंतर नव्या तळ्यांची जागा निवडताना हा निर्बंधही निर्णायक ठरला. कोळंबीच्या नैसर्गिक बीजाचे संगोपन कांदळवनातच होत असल्याने त्याचे रक्षण व्यवसायाच्याही हिताचे आहे. मत्स्यविषयक शिक्षण व संशोधनासाठी १९६१ मध्ये स्थापन झालेली मुंबईतील केंद्रीय मत्स्यकी शिक्षण संस्था आणि दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाचे रत्नागिरीतील शिरगाव येथील मत्स्य महाविद्यालय या राज्यातील प्रमुख संस्था होत.

सोलापूर व अंतर्देशीय जिल्हे

सोलापूर जिल्हा किनाऱ्यापासून दूर असून भीमा नदीवरील उजनी धरणाचा जलाशय हे तेथील मासेमारीचे प्रमुख क्षेत्र आहे. हे पाणी गोडे असल्याने टायगर कोळंबीच्या संवर्धनास अनुकूल नाही. गोड्या पाण्यासाठी मॅक्रोब्रॅकियम रोझेनबर्गी ही वेगळी, मोठ्या आकाराची कोळंबी असून तिचे संवर्धन कटला, रोहू यांसारख्या माशांबरोबर शेततळ्यांतही करता येते. तिच्याही अळ्यांना निमखारे पाणी लागत असल्याने बीज मात्र बीजोत्पादन केंद्रातूनच आणावे लागते.

बागायती क्षेत्रातील अतिसिंचनाने व अपुऱ्या निचऱ्याने काही काळ्या जमिनी खारवट किंवा चोपण होतात. अशा जमिनीत कोळंबी वाढविता येईल का, हा प्रश्न अंतर्देशीय जिल्ह्यांत स्वाभाविकपणे विचारला जातो. हरियाणातील लाहली येथे केंद्रीय मत्स्यकी शिक्षण संस्थेने खाऱ्या भूजलावर केलेल्या प्रयोगांतून त्याचे उत्तर मिळण्यास मदत झाली आहे. जमिनीतील खारटपणा आणि समुद्राचा खारटपणा एकसारखे नसतात. समुद्राच्या पाण्यात दर लिटरला सुमारे ४०० मिलिग्रॅम पोटॅशिअम असते. त्याच क्षारतेच्या भूजलात ते बहुधा फार कमी असते आणि अशा पाण्यात टायगर कोळंबी तग धरत नाही. पोटॅशिअम पुरविल्यास तिची जगणूक व वाढ सुधारते.

म्हणून केवळ चवीवरून किंवा क्षारतामापकावरून पाणी योग्य ठरविता येत नाही. सोडिअम, पोटॅशिअम, कॅल्शिअम व मॅग्नेशिअम यांची स्वतंत्र तपासणी करावी लागते. शिवाय अंतर्देशीय तळ्यातील खारे पाणी सोडण्यास समुद्र उपलब्ध नसतो. ते ओढ्यात किंवा कालव्यात सोडल्यास शेजारची ऊस-ज्वारीची जमीन नापीक होऊ शकते. पूर्व किनाऱ्यावरील शेतकऱ्यांची ज्या तक्रारीवरून न्यायालयापर्यंत मजल गेली, ती तक्रार सोलापूरसारख्या जिल्ह्यात अधिक तीव्र होण्याचा संभव असतो. त्यामुळे पाण्याच्या विल्हेवाटीची सोय झाल्याखेरीज अशा जिल्ह्यांत खाऱ्या पाण्याची कोळंबी शेती योग्य मानली जात नाही.